इंजिन मधोमध, सल्ले चहूबाजूंनी: बडोद्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या अंगणात एक अर्धवट गाडी विटांवर उभी आहे आणि जिचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे बसवलंय, अशा होतकरू बडोदेकरांसाठी हे लिहिलं आहे. इंजिन मधोमध कशाला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एव्हाना विचारलं असेलच. वजन नीट विभागलं जातं, गाडी वळणावर चपळ होते, असं सांगावं. फेरारीचं नाव काढू नये, पाठोपाठ किंमत निघते. त्याऐवजी मारुती ओम्नी दाखवावी. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असे. म्हणजे हिशेबाने तीही मिड-इंजिनच, आणि एप्रिलच्या दुपारी शाळेतून येताना ड्रायव्हरशेजारी बसून मांड्या शेकून घेतलेला प्रत्येक मुलगा या विषयातला जाणकार.

बडोद्याला यंत्रांची हौस जुनी आहे. १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं. त्याच्याही आधी, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही गायकवाडांची छोटी रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिचे डबे बैल ओढत. तापलाच तर बैल तापायचा, त्याला झाडाखाली सोडलं की भागायचं. तुमचं तसं भागणार नाही.

पायरी पहिली: तापमापीचा काटा लाल पट्ट्यात गेला की पाण्याला शिव्या देऊ नयेत. पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळ तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे जातो, तेवढाच कूलंटमध्ये उतरतो, आणि उरलेल्यात गाडी पळते. थोडक्यात, चाकांना जेवढी ताकद, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला. एस्टीमचं ८५ अश्वशक्तीचं इंजिन उचलून मागे बसवलं असेल, तर पूर्ण जोरात ते साठेक किलोवॅट उष्णता बाहेर टाकणार. घरातला गीझर दोन किलोवॅटचा. असे तीस गीझर तुम्ही पाठीशी घेऊन बसला आहात. ही उष्णता पाणी फक्त वाहून नेतं. ती शेवटी हवेलाच द्यायची असते. त्यामुळे मधोमध इंजिनाच्या गाडीतला सगळा घोळ हवेचा असतो: हवी तिथे ती नसते आणि नको तिथे हमखास असते.

इथे उत्तरायणाचा धोका समजून घ्यावा. जानेवारीत गाडी प्रथम सुरू होते, काटा मधोमध राहतो, पेढे वाटले जातात. बाहेर २५ अंश आणि कूलंट ९५, म्हणजे ७० अंशांचा फरक. मे महिन्यात बाहेर ४३ असताना तोच फरक ५२ उरतो, आणि तोच रेडिएटर आता तीन चतुर्थांशच काम करतो. पेढे जूनपर्यंत थांबवावेत.

पायरी दुसरी: रेडिएटरची जागा. मागे, इंजिनाला खेटून, ही नवशिक्याची पहिली पसंती, कारण पाईप आखूड लागतात. पण तिथे समोरून वारा येत नाही आणि जी हवा असते ती आधीच भाजलेली असते. बाजूला, दरवाज्यामागे? दिसायला झकास. पण गाडीच्या अंगाला चिकटून सरकणारी हवा मंद असते, पत्र्याला नुसतं भोक पाडलं म्हणून आत वळत नाही. लॅम्बोर्गिनी काउंटाशचा नमुना १९७१ साली जिनिव्हाला मांडला, तेव्हा मार्चेल्लो गांदिनीची रेषा देखणी होती. चाचण्यांत इंजिन तापू लागलं आणि विकायच्या गाडीच्या खांद्यांवर हवेचे मोठे खोके आले. पुढे पोरांनी त्याच खोक्यांची पोस्टरं भिंतीला लावली, ती गोष्ट वेगळी.

उरलं नाक. टोयोटा एमआर-टूपासून फियाट एक्स-वन-नाईनपर्यंत बहुतेकांनी शेवटी रेडिएटर पुढेच नेला. तुम्हीही न्यावा. मात्र पुढे छानशी जाळी बसवून थांबू नये. आत आलेली हवा जाणार कुठे, हा प्रश्न नवशिक्या विचारत नाही. तिला वाट ठेवली नाही तर ती रेडिएटरपुढेच थबकते आणि बाजूच्या फटींतून पळ काढते. म्हणून जाळीपासून रेडिएटरपर्यंत पत्र्याची बंदिस्त वाट करा, कडांना फोम लावा, आणि मागची हवा बॉनेटमधून वर सोडा. बॉनेटचं तोंड पुढच्या भागात ठेवा. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसते. खात्री करायची तर लोकरीचे तुकडे टेपने चिकटवून मित्राला शेजारच्या गाडीतून बघायला सांगा. उत्तरायणाचा उरलेला मांजा वापरू नये, बोटं कापतात.

पायरी तिसरी: पाईप. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. इंजिनापासून नाकापर्यंत दोन पाईप जमिनीलगत न्यायचे, एक जाणारा, एक येणारा. मकरपुरा जीआयडीसीत ॲल्युमिनियमचे पाईप वाकवून, वेल्डिंग करून मिळतात. टोकाला उंचवटा काढून घ्या, नाहीतर होज निसटतो आणि तो हायवेवरच निसटतो. परतीचा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला येतो. तिथला होज मऊ असेल तर जोरात इंजिन फिरवताच तो चपटा होतो आणि गाडी उभी केली की पुन्हा गोल, त्यामुळे चोर सापडत नाही. आत स्प्रिंग घाला.

आणि बुडबुडे. एवढ्या लांबीत हवा कुठल्या तरी उंचवट्यावर दडून बसतेच. पाणी भरलेलं दिसतं, पण पंप हवेवर फिरतो आणि हेडमध्ये वाफ होते. काटा कधीकधी थंडच राहतो, कारण सेन्सर वाफेत असतो. यावर उपाय एकच, हेडर टाकी सगळ्यांत उंच हवी, इंजिनापेक्षाही. रेडिएटरच्या माथ्यावर हवा सोडायचा स्क्रू हवा, आणि पाणी भरताना भरायचं तोंड असलेली बाजू वर उचलायला हवी. चढ शोधत फिरू नका, बडोद्यात चढ म्हणजे पावागढ. जॅक घ्या. इंजिन सुरू ठेवून स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत बसा. बसण्यासाठी स्टूल लागेल. तासाभराने टाकीत पुन्हा बुडबुडे येतच असतील तर ती अडकलेली हवा नव्हे, हेड गॅस्केट गेलं. स्टूल आत ठेवा आणि मिस्त्रीला फोन करा.

पायरी चौथी: सल्ले. दांडिया बाजारातले काका, गॅरेजवाला भाई आणि दूधवाला, तिघेही सांगतील: थर्मोस्टॅट काढी नाखो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. बऱ्याच इंजिनांत गरम झालेला थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच पंपाकडे परततं. आभार मानून थर्मोस्टॅट ठेवावा. झाकणही ढिलं सोडू नये: ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्यावर शंभरला. गरम असताना ते उघडू मात्र नये. बोअरचं खारं पाणीही नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे.

पायरी पाचवी: चाचणी. आधी मांडवीच्या गर्दीत. तिथे तापली आणि हालोल रस्त्यावर निवाली, तर दोष पंख्याचा किंवा त्याच्या आवरणाचा. उलट गर्दीत ठीक आणि वेगात तापली, तर पंखा निर्दोष. बाहेर पडणारी हवा, चपटा होज किंवा छोटा रेडिएटर यांतलं कुणीतरी गुन्हेगार. हे एवढं निदान केलं तरी अर्धा खर्च वाचतो, कारण नवशिक्या दोन्ही वेळा मोठा पंखाच विकत आणतो.

चाचणी मात्र खासगी आवारात. कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. जीजे-०६ पाटीच्या आशेने आरटीओत जाण्याआधी मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचून जा. म्हणजे वर मांडवी आणि हालोल रस्ता लिहिलाय तिथे नवशिक्याने अनुक्रमे ‘आवारात उभी’ आणि ‘आवारात पळती’ असं वाचावं.

काटा मे महिन्यातही जागेवर राहिला की घरचे येऊन गाडीत बसतील आणि एसी आहे ना, असं विचारतील. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि रेडिएटरला जाणारी हवा आधी स्वतःच तापवतो. त्याला दरवाज्यामागच्या त्या देखण्या भोकात, स्वतंत्र पंख्यासकट बसवा. काका विचारतील तर सांगा, भोक त्यासाठीच ठेवलं होतं.