शेजारचे कूटराव

आमच्या दाराच्या फटीतून तीन प्रकारचे कागद आत पडतात: पिझ्झाच्या जाहिराती, कौन्सिलची पत्रं आणि कूटरावांच्या चिठ्ठ्या. पहिले दोन वाचता येतात. कूटरावांची चिठ्ठी म्हणजे टाइपरायटरवर ठोकलेली मोठी इंग्रजी अक्षरं, पाच-पाचच्या गटांत, ओळीखाली ओळ. वर मायना नाही, खाली सही नाही. पहिली चिठ्ठी आली तेव्हा बायकोने ती चिमटीत धरून विचारलं, "धमकी आहे की काय रे ही?"

धमकी नव्हती, शेजारधर्म होता. नोकरीच्या निमित्ताने आम्ही इंग्लंडात, ब्लेचलीला राहायला आलो आणि भिंतीला भिंत लागून हे गृहस्थ निघाले. अस्सल इंग्रज, विमा कचेरीतून निवृत्त. कूटराव हे नाव अर्थात आमच्या घरातलं. पण ही जमात आमच्या गल्लीपुरती नाही. जर्मनीत, हॉलंडमध्ये, अमेरिकेत, जिथे म्हणून पेन्शन वेळेवर मिळतं तिथे ती आढळते. महायुद्धातल्या यंत्रांच्या पद्धतीने मजकूर कूटबद्ध करायचा, तो दुसऱ्याकडे धाडायचा आणि त्याने तो फोडावा म्हणून डोळे लावून बसायचं, हा यांचा छंद. यंत्र गुपित राखण्यासाठी बनवलेलं आणि राखायला गुपित एकही नाही! कूटरावांच्या आजवरच्या संदेशांत टोमॅटोची रोपं, गुडघा आणि उद्याचा पाऊस यांच्यापलीकडे काही निघालेलं नाही.

खरं एनिग्मा, म्हणजे महायुद्धात जर्मनांनी वापरलेलं कूटयंत्र, त्यांच्याकडे नाही, आणि ही त्यांची दुखरी जागा. बुखारेस्टच्या जुन्या बाजारात कुणाला तरी एनिग्मा शंभर युरोंना मिळालं आणि २०१७ साली त्याचे लिलावात ४५ हजार युरो झाले, ही बातमी वाचल्यापासून दर रविवारी ते मोटारींच्या डिकीतून जुनंपानं विकणाऱ्यांकडे जातात आणि दिसेल त्या टाइपरायटरला उलटं करून पोटाखाली बघतात. तोवर काम चाललंय चिप्सच्या नळकांड्यावर. थट्टा नाही ही. बटाट्याच्या चिप्सचं ते उंच गोल नळकांडं असतं ना, त्यावर अक्षरं आणि रेघा छापलेल्या कागदी पट्ट्या गुंडाळल्या की हाताने फिरवायचं एनिग्मा तयार होतं. पट्ट्या म्हणजे यंत्रातली चक्रं. एक अक्षर झालं की उजवीकडची पट्टी एक घर पुढे, ती ठरावीक घरापाशी आली की मधली एक घर पुढे, मोटारीतल्या किलोमीटरच्या आकड्यांसारखं. चष्मा कपाळावर, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, बोट रेघेवर. रेघ नळकांड्याच्या मागे गेली की कूटरावही खुर्चीत तेवढे कलतात. चिप्स त्यांच्या बायकोने संपवल्या. "देशासाठी," असं ती म्हणते.

त्यांना चहाला बोलावलं की एक आकडा हमखास ऐकावा लागतो. जर्मन लष्कराच्या एनिग्मात पाचांतली तीन चक्रं निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, प्रत्येकाचं सुरुवातीचं अक्षर लावायचं, पुढच्या प्लगबोर्डावर दहा तारा जोडायच्या. सगळं मिळून मांडणीचे प्रकार सुमारे सोळा लाख कोटी कोटी. तो सांगून झाला की कूटराव बिस्किट चहात बुडवून थांबतात. आपण "अबब" म्हणायचं असतं. ते म्हटल्यावरच बिस्किट वर येतं, बहुधा अर्धं.

पण या माणसाचा खरा आनंद आकड्यात नाही, यंत्राच्या एका खोडीत आहे. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्या रूपात कधीच बाहेर पडत नाही. 'ए' दाबला तर वाटेल ते येईल, 'ए' येणार नाही. हे समजावायला त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरला आणि एका पट्टीवर हवामानाचा जर्मन शब्द लिहिला: डब्ल्यू, ई, टी, टी, ई, आर. जर्मन हवामानाचा अहवाल नेमाने धाडत, म्हणजे हा शब्द संदेशात कुठेतरी असणारच. मग ती पट्टी गुप्त मजकुराखालून एकेक घर सरकवायची. वरखाली तेच अक्षर आलं की ती जागा बाद. "टी खाली टी! बाद!" साबुदाण्याची खिचडी निवत होती, ते पट्टी सरकवत होते. आणि मग मेव्हिस लीव्हरची गोष्ट. युद्धात शत्रूचे संदेश जिथे फोडले जात त्या ब्लेचली पार्कमधल्या या तरुण मुलीच्या हाती एक लांबलचक संदेश आला, त्यात 'एल' औषधालाही नव्हता. तिने ओळखलं की पलीकडच्या आळशी माणसाने चाचणीचा संदेश धाडायचा म्हणून 'एल'च दाबत ठेवलाय, सगळाच्या सगळा संदेश! गोष्ट संपेपर्यंत कूटरावांचे डोळे भरून येतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते रडले नाहीत, असं त्यांची बायको सांगते.

या जमातीसमोर दोन चुका करू नयेत. एक, एनिग्मा ब्लेचली पार्कच्या ट्युरिंगने फोडलं असं म्हणू नये. लगेच तर्जनी वर होते: "आधी पोलंड! रेयेव्स्की, डिसेंबर १९३२!" ट्युरिंगवरच्या सिनेमाला गेलो तेव्हा हे त्यांनी भर थिएटरात म्हटलं होतं. दुसरी, कोलोसस या अगडबंब यंत्राने एनिग्मा फोडलं असं तर मुळीच म्हणू नये. कोलोसस होतं लॉरेन्झ नावाच्या वेगळ्या, बड्या सेनाधिकाऱ्यांच्या यंत्रासाठी. ही चूक एका जावयाने केली होती. पुढच्या नाताळात तो आला नाही.

कोलोससचा विषय निघाला की मात्र स्वर उतरतो. टोनी सेल आणि मंडळींनी वर्षानुवर्षं खपून ते यंत्र ब्लेचलीत पुन्हा उभं केलं आणि नोव्हेंबर २००७ मध्ये जगभरच्या हौशींना आव्हान दिलं: जर्मनीतल्या पाडरबॉर्नहून रेडिओवर लॉरेन्झचे संदेश येतील, कोण आधी फोडतो बघू. ब्लेचलीत संदेश रेडिओवर नीट पकडण्यातच वेळ गेला. तिकडे बॉनच्या योआखिम श्यूट नावाच्या हौशी गृहस्थाने आपल्या लॅपटॉपवर चक्रांची मांडणी सेहेचाळीस सेकंदांत शोधून काढली. "सेहेचाळीस," कूटराव म्हणतात, पेनल्टी शूटआउटमध्ये हरलेल्या चेहऱ्याने. मग मोठ्या मनाने जोडतात, "पण माणूस हौशी होता. आपल्यातला."

त्यांचा देव मात्र दुसराच, श्टेफान क्राह. जर्मन पाणबुड्यांच्या चार चक्रांच्या एनिग्माचे १९४२ मधले तीन संदेश तसेच न सुटता राहिले होते. या व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाने जगभरच्या लोकांचे रिकामे संगणक कामाला जुंपून पहिला २००६ साली सोडवला. निघालं काय? पाणबुडीवर हल्ला झाला, पाण्याखाली जावं लागलं, शत्रू अमुक दिशेला. आणि शेवटी, वायुभार उतरतोय, वारा उत्तर-ईशान्येचा. म्हणजे तिथेही हवामानच! कूटरावांना यात काही विनोदी वाटत नाही. इंग्रज माणसाला हवामानात विनोद दिसत नाही.

तर माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी ते सोपी कोडी काढतात. चक्रांचा क्रम आणि प्लग उघड सांगतात, सुरुवातीची तीन अक्षरं तेवढी झाकलेली. म्हणजे १७,५७६ शक्यता. तीन संध्याकाळ मोबाइलवर झटापट करून मी हात टेकले. तेव्हा कुंपणापलीकडून त्यांची बायको कपडे वाळत घालता घालता पुटपुटली, "कुत्र्याचं नाव घालून बघ." कुत्रा मॅक्स. एम, ए, एक्स. झटक्यात इंग्रजी उमटलं: उद्या दुपारनंतर पाऊस. युद्धात जर्मन ऑपरेटर किल्ली म्हणून प्रेयसीची नावं घालत आणि पकडले जात, हे मला याच गृहस्थांनी डोळे मिचकावत सांगितलं होतं.

त्याची परतफेड म्हणून मी एक चिठ्ठी त्यांच्या दारात टाकली. त्यांच्याच रिवाजाने क्रम दिला, प्लग दिले, छत्तीस अक्षरांचा मजकूर. पहिल्या दिवशी त्यांनी हात हलवला. चौथ्या दिवशी हलवला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या वरच्या खोलीतला दिवा रात्री दोनला चालू. तीन आठवड्यांनी ते स्वतः दारात उभे, हातात छापील कागद, दाढी वाढलेली.

"तुमच्या यंत्रात बिघाड आहे. माझा प्रोग्रॅम पहिल्या रात्रीपासून हा एकच कचरा वर आणून ठेवतोय. बघा, छत्तीसात दहा 'ए'! ही काय भाषा आहे?"

मी वाचून दाखवलं: "आमच्याकडे रविवारी पुरणपोळी खायला या."

रोमन लिपीत मराठी लिहायला घेतलं की अ काय, आ काय, सगळ्यांना तोच 'ए' लागतो. यंत्र बिचारं बरोबर होतं.

"भाषा सांगायला हवी होती," ते म्हणाले.

"जर्मनांनी सांगितली होती?"

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग विचारलं, "कुठला रविवार?"

तो रविवार केव्हाच होऊन गेला होता, पोळ्या आम्हीच संपवल्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांना घरात होतं ते पिठलं-भात वाढलं. आमची आमंत्रणं आता फोनवर जातात. त्यांचं मात्र परवा दारातून आत पडलंय, पाच-पाच अक्षरांत, आणि या वेळी 'मॅक्स' चालत नाही. शनिवारी जेवायला बोलावलंय की शनिवारी पाऊस आहे, एवढंच कळायला हवं. वाचकांपैकी कुणाला वेळ असेल तर शुक्रवारच्या आत कळवावं.