भाव काढणारे काकाजी

मोहगावात दिवाळीची झाडझूड निघाली आणि जुन्या पेटीच्या तळाशी एखादं काळं पडलेलं नाणं सापडलं, की ते आधी काकाजींकडे जातं, देव्हाऱ्यात नंतर. काकाजी ते विकत घेत नाहीत, विकून देत नाहीत. नुसता भाव काढतात. पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, तरी ते पत्त्यात अजून छिंदवाडाच लिहितात. नव्या मालावर त्यांचा विश्वास नाही.

संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर दुपट्टा पसरून, डोळ्याला भिंग लावून ते पहिला प्रश्न विचारतात, "घासलं तर नाही ना?" समोरचा हमखास चिंचेनं लख्ख करूनच आलेला असतो. "कायले घासलं बे? दीडशे वर्सांचा रंग एका सकाळी उतरवला तुनं!" अर्धा भाव इथेच जातो. उरलेला काकाजी सावकाश घालवतात.

येतात ते बहुतेक १८६२ चे राणीछाप. जितकं जुनं तितकं महाग, अशी गावाची समजूत. काकाजी ती मोडतात. टांकसाळीनं १८६२ हेच साल पार १८७४ पर्यंत रुपयावर ठेवलं, तेव्हा हे रुपये देशभर पोत्यानं सापडतात. "वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शंभराले ब्याण्णव भाग चांदी. तेवढे पैसे घे, अन् वरचे थोडे राणीचे." १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा घरात वाटण्या झाल्यासारखा पडतो.

खुलतात ते १९११ च्या रुपयावर. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर दिसला, ओरड झाली, सरकारनं रुपये मागे घेतले आणि पुढच्या साली हत्तीला नीट सोंड काढून दिली. "एका सोंडेपायी भाव चढला ना भाऊ!" हा रुपया काकाजींकडे कोणी अजून आणलेला नाही, गोष्ट मात्र प्रत्येकाला ऐकावी लागते.

रामदरबार आणि ईस्ट इंडिया कंपनी एकाच नाण्यावर नांदवणारेही येतात. वर १८१८ साल, आणि म्हणे तांदूळ ओढतं. काकाजी घरातून मूठभर तांदूळ मागवतात, शेजारी ठेवतात आणि चहा संपेपर्यंत वाट पाहतात. तांदूळ हलत नाहीत. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, हे ते नंतर सांगतात. आधी सांगितलं तर गंमत जाते.

परवा एक पोरगं वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं घेऊन आलं. "मोबाईलवर दहा लाख सांगून राहिले, काकाजी."

"मंग मोबाईललेच वीक."

भिंगाच्या डबीत एक कात्रण घडी करून ठेवलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये बजावलं होतं, की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आमच्या नावानं कोणी कमिशन मागितलं तर देऊ नका. पोरानं ते वाचलं, आणि दहा नाही तर पाच लाख तरी येतील का, असं विचारलं. मला विचाराल तर काकाजींचं अर्धं आयुष्य या 'तरी'शी भांडण्यात गेलं.

त्यांचा स्वतःचा जीव एकाच रुपयात आहे: राज्य नागपूरकर भोसल्यांचं, नाव दिल्लीच्या बादशहाचं, अक्षरं फारशी. नागपूरच्या इतवारीत एका सराफानं तो नुसता काट्यावर टाकून ग्रॅम सांगितले. तेव्हापासून काकाजी त्या गल्लीनं जात नाहीत.

मागच्या महिन्यात नागपूरचा एक शौकीन थेट घरी आला. काकाजींनी भाव सांगितला. त्यानं घासाघीस न करता खिशातून नोटा काढल्या. काकाजींनी आधी नोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि डबी बंद केली.

"एवढ्यात घेऊन राहिला, म्हणजे म्या भाव कमी काढला."

दुसऱ्या दिवशी त्या रुपयाची किंमत दुप्पट झाली. सगळ्या गावाला ती मान्य आहे. गावात घेणारा कोणीच नाही.