‘साहेब कधी येणार?’

वरळी कोळीवाड्यातून वरळी-प्रभादेवीच्या हमरस्त्याला लागलं की महागड्या मोटारींची दालनं सुरू होतात. वाड्यातली पोरं काचेपलीकडच्या त्या गाड्या बघत मोठी झाली. काचेच्या आत गेलं मात्र, की विचारतात, ‘साहेब कधी येणार?’ परवा हा प्रश्न मी स्वतः ऐकला. तो उद्धट आहे, आणि रोज विचारला जातो.

विचारला होता एका बुजुर्ग नाखव्याला. पांढरा सदरा, पायात चपला, सोबत काकी. त्यांची बोट ससून डॉकला लागते. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर गॅरेजवाला येत नाही, त्यामुळे फिल्टर बदलण्यापासून नोझल खोलण्यापर्यंत सगळं त्यांनी आयुष्यभर स्वतः केलं. या माणसाला कुणाचा तरी ड्रायव्हर समजले. ड्रायव्हर असते तरी काय बिघडलं? गाडीची नस त्यालाच कळते.

काका शांत राहिले आणि कामाचं बोलले. आमच्या घराला खारा वारा लागतो; खालच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून कंपनी काय लावते? गंजाची वॉरंटी पत्रा आरपार सडल्यावरच लागू होते की आधी? पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरलं तर किती खोल पाण्यातून ही चालेल? इंजिनात पाणी शिरून ते आतून फुटलं तर साधा विमा भरपाई देतो, की त्यासाठी वेगळा हप्ता? मुंबईत गाडी घेणाऱ्याने आधी विचारावेत ते हेच प्रश्न. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद काचांच्या महागड्या गाड्याही बुडाल्या आणि त्यांत माणसं गुदमरून मेली. दालनातल्या पोराने उत्तरादाखल आतल्या दिव्यांचे रंग बदलून दाखवले.

काकींकडे तर त्याने बघितलंच नाही. हा गाढवपणा धंद्याच्या हिशेबानेही महाग आहे. कोळ्याच्या घरात दर्यावर पुरुष जातो, म्हावरं विकते बाई, आणि तिजोरीची किल्लीही तिच्याच कमरेला असते. शेवटी काकीच म्हणाल्या, ‘पैसं माझ्याकडं हायेत. मला इचार.’ पोराने गुळगुळीत कागदाचं एक माहितीपत्रक पुढे केलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला असंच शिकवलंय. राग शिकवणाऱ्यांवर आहे. या दालनांतून निघालेल्या गाड्या ज्या सागरी किनारा रस्त्यावर सुसाट पळतात, तो वरळीला कोळ्यांच्या होड्यांच्या वाटेवरून जातो. क्लीव्हलँड बंदरातून होड्या समुद्रात जातात तिथे पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. उधाणात, वाऱ्यात होडी खांबावर आपटेल, हे कोळ्यांनी ओरडून सांगितलं, काम अडवलं, आणि भांडून १२० मीटर पदरात पाडून घेतले. मागितले होते त्याहून कमीच. २०२४ मध्ये रस्ता खुला झाला. टोल नाही, पण दुचाकीला बंदी. म्हणजे वाड्यातल्या पोराची स्कूटर या रस्त्यावर चालत नाही. चालायचं तर मोटार हवी, आणि मोटार बघायला गेलं तर साहेब कधी येणार! शहराने सागरकिनाऱ्याच्या मूळ रहिवाशांना चारी बाजूंनी असं अडवू नये.

काकांना गाडी परवडते का, हे कुणी मला विचारू नये. बोटीची किंमत लाखांत असते आणि तिच्या कर्जाचे हप्ते जून-जुलैच्या मासेमारीबंदीतही भरावे लागतात. असं कर्ज फेडलेल्या माणसाला व्याजाचं गणित शिकवायला नको. आणि परवडत नसली, तरी बघायला जावं. दाराला तिकीट नाही.

दालनवाल्यांनी उद्यापासून एवढं करावं: आत येईल त्याला बसायला सांगावं, लायसन्स बघून चाचणीसाठी किल्ली द्यावी, आणि गंजाचं, पाण्याचं, विम्याचं उत्तर लेखी द्यावं. लायसन्स काकांच्या खिशातच होतं. कुणी मागितलं नाही. रविवारी दोघं दुसऱ्या दालनात जाणार आहेत. गाडी काका चालवून बघतील, भाव काकी करतील.