हात गेला पाहिजे

देवगाव फाटा सेलू तालुक्यात आहे, पण तसा तो कुणाचाच नाही. जिंतूरकडून येणारा, मंठ्याकडून येणारा आणि सेलूला वळणारा, तिघेही तिथे चहापुरते टेकतात आणि आपापल्या वाटेला लागतात. मुक्कामाला राहते ती बंद पडलेली गाडी, आणि तिच्या वाटेवर डोळे लावून बसलेला मिस्त्री. मराठवाड्यातल्या कुठल्याही फाट्यावर सापडणाऱ्या या माणसाचा एक पोटप्रकार आहे; आपला विषय तोच. हा काय बिघडलं ते विचारत नाही. बाही वर सारतो, सीटखालच्या फटीत पंजा घालतो, मनगटापाशी अडकतो आणि निकाल देतो, ‘हात जात न्हाई, मालक.’ बिघाड सेल्फचा असो, बेल्टचा असो, नाहीतर नुसती वायर सुटलेली असो, रोग एकच. औषधही एकच: पत्रा कापायचा, बिजागरी लावायची, झाकण करायचं. मालक हळहळतो, कारण गाडीचे हप्ते अजून फिटलेले नसतात. मिस्त्री तोवर कानामागचा खडू काढून पत्र्यावर चौकोन आखतो आणि गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरच्या अकलेविषयी दोन शब्द बोलतो. ते दोन शब्द इथे छापता येत नाहीत.

शिकलेले लोक त्याला जुगाडू म्हणतात आणि कंपनीने विचारपूर्वक बनवलेल्या यंत्राची नासधूस केली म्हणून नाक मुरडतात. हा आरोप तपासून पाहण्यासारखा आहे, कारण इंजिन मधोमध बसवलेल्या गाड्यांचा इतिहास काढला तर या माणसाची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. इंजिन चालकाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे बसवायची रीत रूढ केली ती शर्यतीच्या मैदानाने. 1959 साली जॅक ब्रॅबम अशा कूपर गाडीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला आणि थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतींतून हद्दपार झाल्या. 1966 मध्ये लांबोर्गिनीने मिउरा आणली. तिचं बारा सिलिंडरांचं इंजिन बसणाऱ्याच्या डोक्यामागे आडवं ठेवलेलं होतं. हिशेब सरळ आहे. वजन दोन आसांच्या मध्ये आलं की गाडी वळणावर चटकन वळते. पण मग इंजिनाच्या पुढे माणसं, मागे गिअरबॉक्स, बाजूंना चाकं आणि खाली रस्ता. हात घालायचा कुठून, हा प्रश्न शर्यतीत कुणाला पडत नाही. तिथे गाडीमागे पगारी माणसांची फौज असते आणि शर्यत संपली की गाडीचा सांगाडा उघडा पडतो. ही सोय घरी नेलेल्या गाडीबरोबर मिळत नाही.

देवगाव फाट्यावर मिउरा यायची नाही. मात्र तिचे लांबचे गरीब नातेवाईक तिथे रोज थांबतात. 1984 साली आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली मारुतीची व्हॅन घ्या: 796 सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन पुढच्या सीटखाली. 2005 साली टाटांचा छोटा हत्ती आला. पुण्यात गिरीश वाघ यांच्या चमूने मालवाहू गाड्या चालवणाऱ्यांना विचारून विचारून घडवलेली ही गाडी. तिचंही 702 सीसीचं दोन सिलिंडरांचं डिझेल इंजिन सीटखालीच. इटलीत इंजिन मधे गेलं ते वळणासाठी; इथे ते माणसाच्या बुडाखाली गेलं ते पोत्यांसाठी. नाक आखूड झालं की तेवढाच हौदा लांब होतो, आणि सेलू-मानवतच्या कापूसपट्ट्यात हौद्याची लांबी गाडीच्या दिसण्यापेक्षा जास्त मोलाची. मे महिन्यात चालक खालून इंजिनाने आणि वरून परभणीच्या उन्हाने शेकला जातो, पण भाड्याचे पैसे पोत्यांचे मिळतात, घामाचे नाहीत. कंपनीने दुरुस्तीची सोय ठेवलीच नाही असंही नाही. सीट उचला, इंजिन दिसतं. पण दिसणं आणि हाताला लागणं यांत बरंच अंतर असतं, आणि त्या अंतरावरच आमच्या मिस्त्रीचा संसार चालतो. त्याच्याकडे बारीक हाताचा एक पोऱ्या असतो. तो दोन हंगाम चांगलं खाऊन मनगटाने भरला की गॅरेजमधली त्याची किंमत उतरते, आणि त्यानंतर मिस्त्री ग्राइंडरकडे वळतो.

आता पुरावा. लोटसची युरोपा ही अशीच मधे इंजिन असलेली, हलकी, देखणी गाडी. 1966 च्या पहिल्या आवृत्तीत तिची फायबरची बॉडी लोखंडी चासीला कायमची चिकटवलेली होती. दुरुस्ती करणाऱ्यांनी इतके तळतळाट दिले असावेत की पुढच्या आवृत्तीत कंपनीने मुकाट्याने ती बोल्टने जोडली. फेरारीची गोष्ट याहून बोलकी आहे. 1994 च्या एफ 355 मध्ये टायमिंग बेल्ट इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे नेमका सीटमागच्या पत्र्याला भिडलेला. तो ठरावीक काळाने बदलावाच लागतो, आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवायचं. अशा कामाचं बिल पाहून मालक काय करतो, हे सांगायला इटलीला जायला नको: ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो. बेल्ट मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबायला बांधील नसतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि बेल्टच्या खर्चाऐवजी इंजिनाचा खर्च समोर येतो. मग 1999 साली आलेल्या 360 मोडेनात फेरारीने काय केलं? सीटमागच्या पत्र्याला झाकण ठेवलं. इंजिन जागेवर, झाकण उघडा, बेल्ट बदला. मारानेल्लोच्या इंजिनिअरांना देवगाव फाटा माहीत असण्याचं कारण नाही, तरी ते पोचले तिथेच. धान्याच्या कणगीला तळाशी तोंड ठेवणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही; भरायची वाट आणि काढायची वाट वेगळी असते, हे तिला घर सांभाळताना कळलेलं असतं. म्हणून मिस्त्री गाडी बिघडवतो असं म्हणण्यापेक्षा कारखान्याने अर्धवट सोडलेलं काम तो पुरं करतो असं म्हणणं जास्त खरं. ज्या भागापर्यंत हात पोचत नाही त्याची निगा राहत नाही, मग मालक कितीही हौशी असो.

यावर पहिला आक्षेप जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा. मूळ पत्रा कापला की गाडीचं मूळपण गेलं, किंमत गेली, प्रदर्शनात परीक्षकांचे गुण गेले. आक्षेप खरा आहे, पण तो अशा गाडीला लागू पडतो जिचं आयुष्य ताडपत्रीखाली जातं. वापरातल्या गाडीचं मूळपण म्हणजे तिचं चालणं. शिवाय कापलेला तुकडाच झाकण म्हणून बोल्टने बसवला, तर जाणकाराला मूळ पत्रा आणि मूळ रंग दोन्ही जागेवर सापडतात. आमचा मिस्त्री एवढ्यावर थांबत नाही, झाकणाला चंदेरी रंगही फासतो. ही त्याची सही समजावी आणि सोडून द्यावं.

दुसरा आक्षेप मजबुतीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पत्रा हेच हाड असतं. भोक पाडलं की तिथून जाणारा ताण भोकाच्या कडेला गोळा होतो, आणि कोपरा टोकदार असेल तर भेग तिथूनच सुरू होते. 1954 मध्ये कॉमेट विमानं कोसळली, तेव्हा चौकशीत बोट ठेवलं गेलं ते पत्र्यातल्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांवर. तेव्हा नुसता चौकोन कापणारा मिस्त्री गुन्हेगारच. पण या पोटप्रकारातही जाणता असतो. तो कोपऱ्यावर स्टीलची वाटी उपडी ठेवून गोल आखतो, कापलेल्या कडेला आतून जाड पट्टी वेल्ड करतो, आणि चासीच्या पट्ट्यांना किंवा सीटबेल्टच्या बोल्टाजवळच्या जागेला ग्राइंडर लावत नाही. कॉमेटचं नाव त्याने ऐकलेलं नसतं. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून फाटलेला हौदा त्याने पाहिलेला असतो. विद्या कुठून आली याला महत्त्व नाही, कोपरा गोल आला की झालं. तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला गाडीत मनमानी बदल खपत नाहीत. नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळला पाहिजे, हा त्याचा गाभा. मिस्त्रीच्या मते झाकण म्हणजे बदल नव्हे, ‘निस्ती सोय’. हा युक्तिवाद आरटीओच्या दारात किती टिकेल याची पैज मी लावणार नाही. कापण्याआधी मालकाने तिथे विचारून घेतलेलं बरं.

चौथ्या मुद्द्यावर मात्र मिस्त्री साफ हरतो, आणि त्याची बाजू घेणाऱ्याने ते कबूल केलं पाहिजे. इंजिन आणि माणसं यांच्यामधला पत्रा नुसता आडोसा नसतो. तो आग, उष्णता आणि धूर अडवतो, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोडेनाच्या झाकणाला कारखान्याने त्या हिशेबाने सील दिलं. आमचा माणूस सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवतो. पहिल्या उन्हाळ्यात ती पातळ होते, दुसऱ्यात गळून पडते, आणि चालक म्हणतो, ‘गाडीत झोप लई येऊ लागली.’ त्यात पेट्रोलच्या नळीपासून वीतभर अंतरावर ग्राइंडरच्या ठिणग्या उडवायच्या, बॅटरीची वायर काढायची नाही, आणि विचारलं तर ‘काही होत न्हाई’ हे ब्रीदवाक्य. होतं, आणि झालं की टपरीसकट होतं. उष्णता सोसणारं सील, झाकणाच्या आतून उष्णतारोधक थर आणि कापण्याआधी काढलेली बॅटरीची वायर, यांवर घासाघीस करणाऱ्याला झाकण करायला देऊ नये.

एवढं असूनही हा माणूस टिकला, कारण कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आणि गाडी बंद पडते फाट्यावर. त्याची खरी परीक्षा आता सुरू झाली आहे. 2022 साली छोट्या हत्तीची बॅटरीवर चालणारी आवृत्ती आली. तिच्यात इंजिन नाही, सेल्फ नाही, बेल्ट नाही; आहे तो बॅटरीचा बंद खोका आणि त्यातून निघणाऱ्या जाड नारिंगी वायरी, ज्यांतला दाब माणूस जागीच आडवा करायला पुरेसा आहे. मिस्त्री वाकून खाली पाहणार, बाही वर सारणार, आणि खडू शोधायला कानामागे हात नेणार. त्याच क्षणी त्याला कुणीतरी धरलं पाहिजे, नारिंगी वायरीचं प्रकरण नीट समजावून सांगितलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याने चहाचे पैसे स्वतः दिले पाहिजेत, नाहीतर तो ऐकायचा नाही.