दुःखाच्या शोधात, व्हाया आंबोली

पदविकेच्या शेवटच्या सत्रात विद्यार्थ्यांना वीस मिनिटांचा माहितीपट करावा लागतो आणि तो शक्यतो दुःखाचा असावा, असा अलिखित नियम आहे. सुखाला मार्क कमी पडतात. माझ्या भाच्याच्या गटाने विषय घेतला, 'फुटबॉल संपल्यावर'. एकेकाळी स्टेडियम गाजवलेला खेळाडू, आता त्याला कुणी ओळखत नाही, घराला ओल, कपाटावर धूळ खाणारे कप आणि बाहेर मुसळधार पाऊस. पटकथा पुण्यातच लिहून तयार होती, फक्त खेळाडू मिळायचा होता. खेळाडू गोव्यात आणि ओम्नी माझ्याकडे, म्हणून माझी वर्णी लागली. कॉलेजच्या फॉर्मवर 'सोबतची जबाबदार प्रौढ व्यक्ती' असा रकाना होता. त्यात माझं नाव वाचून बायको बराच वेळ हसत होती.

गट तिघांचा. भाचा डायरेक्टर. कॅमेरामन हा सहा फुटी मुलगा बोलत नसे. काही विचारलं की दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून आपल्याकडे बघे आणि मान हलवी. तिसरी साउंडवाली. तिच्या कानांवर कायम हेडफोन, पण जगातलं सगळं तिलाच आधी ऐकू येई. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याच्या आतच ती म्हणाली, "मामा, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय." मी हे हसण्यावारी नेलं. निपाणीच्या मेकॅनिकने शब्दशः तेच निदान केलं आणि वर पैसे घेतले.

कोल्हापुरात मिसळीला थांबलो. फुटबॉलसाठी गोव्याला चाललोय, असं भाचा वाढप्याला सांगून बसला. वाढप्याने तर्रीचं भांडं तसंच हातात धरून आमची हजेरी घेतली. "फुटबॉल बघायला कोल्हापूर ओलांडून जाताय व्हय? शाहू स्टेडियमला सामना असला की निम्मी पेठ दुकानं टाकून जातीया!" शेजारच्या टेबलावरचे काका पाटाकडील तालमीच्या संघाचे निघाले, गल्ल्यावरचे मालक दिलबहारच्या, आणि आमची मिसळ गार होईपर्यंत एका जुन्या सामन्याचा निकाल नव्याने लागत राहिला. भाच्याने काकांना विचारलं, "पण खेळणं थांबल्यावर खेळाडू काय करतात?" काकांना प्रश्नच कळेना. "करत्यात काय? तालमीत येत्यात की. आन् पोरांना शिव्या देत्यात."

"इथे दुःख नाही," डायरेक्टर गाडीत बसताना म्हणाला. आम्ही पुढे निघालो.

आंबोलीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण आंबोली दिसली नाही. धुकं होतं, धुक्यात भजी होती आणि भजी माकडाने नेली.

गोव्यात पहिला मुक्काम शिवोलीला. हे डायरेक्टरच्या अभ्यासाचं फळ. 1883 मध्ये हवाबदलासाठी आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याने याच गावात गोव्याला फुटबॉलची ओळख करून दिली, असं मानतात. हवाबदलासाठी आलेला माणूस साधारणपणे झोप काढतो, मासे खातो आणि परत जातो. या गृहस्थाने चेंडू काढला आणि पुढची कित्येक वर्षं गोव्यातल्या आयांना चिखलाचे कपडे धुवायला लावले. डायरेक्टरला चर्चसमोर एक गंभीर दृश्य हवं होतं. कॅमेरामनने चौकट करून चर्चकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. दुसऱ्याच मिनिटाला पाऊस कोसळला. तो बोलत का नसे, ते मला तेव्हा कळलं. त्याला गरज नव्हती.

जाता जाता कळंगुटचा पुतळा बघितला. 2021 च्या डिसेंबरात इथे क्रिस्तियानो रोनाल्डोचा चारशे दहा किलोंचा पितळी पुतळा बसला, आणि बसल्या दिवशीच लोक काळे झेंडे घेऊन आले. गोवामुक्तीला साठ वर्षं होतायत आणि पुतळा पोर्तुगीजाचा, हा एक राग. आमचे ब्रुनो कुतिन्हो, समीर नाईक काय मेले होते का, हा दुसरा. मला दुसरा राग जास्त पटला. कुतिन्हो याच कळंगुटचे, अर्जुन पुरस्कार मिळालेले. पण ज्याचा पुतळा उभारला तो मात्र चाळिशी उलटली तरी खेळतोच आहे. फुटबॉल संपल्यावरचं आयुष्य अजून सुरूही न झालेला बहुधा तो एकटाच, आणि चौथऱ्यावर तोच. डायरेक्टरने हे वहीत लिहून घेतलं. पुढे ते माहितीपटात त्याचं स्वतःचं निरीक्षण म्हणून आलं.

आमचा मुख्य खेळाडू म्हणजे एक निवृत्त सेंटर हाफ. म्हापशापासून थोडं आत त्यांचं घर. नाव न छापण्याच्या अटीवर ते बोलले नाहीत. उलट नाव मोठ्या अक्षरात टाका म्हणाले, पण बँकेचं पेन्शन खाणाऱ्या माणसाला उगाच प्रसिद्धी नको, असा त्यांच्या बायकोचा हुकूम होता. इथेच डायरेक्टरचा चेहरा पडला. पेन्शन! खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागलेला हा माणूस निवृत्त होऊन मजेत होता. घराला ओल नव्हती. कप होते, पण बाईंनी ते इतके घासले होते की कॅमेरामनचाच चेहरा त्यात दिसत होता.

"धूळ टाकता येईल का थोडी?" डायरेक्टरने हळूच विचारलं. बाईंना ऐकू गेलं. त्यानंतर चहा आला, तो बिनसाखरेचा.

मुलाखत ठरली दुपारी दोनला. गोव्यात दुपारी एक ते चार काहीही ठरवू नये. दुकानं बंद, कुत्री आडवी, आणि सेंटर हाफ शीत-कडी जेवून व्हरांड्यात घोरत होते. साउंडवालीने ते घोरणं रेकॉर्ड केलं. अख्ख्या प्रवासातला सर्वांत स्वच्छ आवाज तोच, असं तिचं आजही मत आहे.

जागे झाल्यावर त्यांनी गुडघे दाखवले. कॅमेरा अगदी जवळ नेला होता. उजव्या गुडघ्यावर वाटीच्या कडेने जुन्या टाक्यांची पांढरी रेघ, त्यावर आडवे आठ-दहा ठिपके. वाकवला की आतून सुपारी फोडल्यासारखा कट्ट आवाज येई. तो टिपण्यासाठी साउंडवालीने माइक गुडघ्याला टेकवला आणि त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाजवून दाखवला. "हा फेडरेशन कपातला," ते अभिमानाने म्हणाले. डावा तर त्याहून वाईट, वाटी एका बाजूला सरकलेली. डायरेक्टर पुढे सरसावला, "आणि हा? राष्ट्रीय लीग?" "छे! हा निवृत्तीनंतरचा. वाड्यावाड्याच्या सामन्यातला. लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे."

मग 'रूम टोन'. संकलनाला लागते म्हणून खोलीतली निव्वळ शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करतात, त्याला म्हणतात रूम टोन. सर्वांनी श्वास धरले. दहा सेकंदांत बाहेर पों-पों करत पोदेर आला. सायकलवर पावांची टोपली आणि भोंगा. बाई उठल्या, पोई घेतल्या, सुट्ट्यांवरून हुज्जत घातली. दुसऱ्यांदा पाल. तिसऱ्यांदा स्वतः सेंटर हाफ, त्यांना मध्येच एक ऑफसाइड आठवला. ऐंशीच्या दशकातला सामना, लाइन्समनने झेंडा वर केला, तो चूक होता, आणि तो का चूक होता हे साखरेचा डबा, दोन पोई आणि माझा चष्मा मांडून त्यांनी सिद्ध केलं. चाळीस मिनिटं लागली. माझा चष्मा ऑफसाइड नव्हता, एवढं मीही शपथेवर सांगेन.

संध्याकाळी त्यांना समुद्रावर नेलं. डायरेक्टरला शेवटचं दृश्य हवं होतं: खेळाडू क्षितिजाकडे बघतोय. "दर्या पळोवन हांव कितें करूं?" त्यांनी विचारलं. जन्म इथे गेलेल्या माणसाने समुद्राकडे टक लावून का बघावं, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही. त्यांनी बघितलं, पण कॅमेऱ्याकडे, आणि हात हलवला.

प्रश्न विचारला शेवटी साउंडवालीने, गाडीत, सहज. "अंकल, खेळायचं बंद झाल्यावर सगळ्यात अवघड काय गेलं?" टाळ्या, पैसा, प्रसिद्धी असं काहीतरी येणार म्हणून डायरेक्टर वही शोधू लागला. ते म्हणाले, "चार वाजता." एवढंच. मग म्हणाले, "वीस वर्षं चार वाजता प्रॅक्टिस. बँकेत असलो तरी साहेब सोडायचा. बंद झालं, तरी चार वाजले की पाय खाटेखाली बूट शोधत. काय करायचं चार वाजता? बायकोने पहिल्या आठवड्यात नारळ सोलायला बसवलं. पन्नास सोललेले बघून तीच म्हणाली, जा बाबा, मैदानावर जा." तेव्हापासून ते पोरांना शिकवतात.

माहितीपटाला पहिल्यांदाच काहीतरी सापडलं. मग आम्ही प्रत्येकाला चारचं विचारत सुटलो. मडगावचा एक विंगर चार वाजता शाळेची व्हॅन चालवतो. त्याच्या व्हॅनमधली मुलं सगळ्यांच्या आधी घरी पोचतात आणि पालकांना त्याची काळजी वाटते. आखातातून परतलेला एक बॅक तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, पत्ते खेळतो आणि तिथेही पुढे येत नाही. वास्कोत टिळक मैदानाजवळ एक गोलकीपर भेटले. "चार वाजता? बसतो," ते म्हणाले. त्यांचं सगळं करिअर राखीव गोलकीपर म्हणून गेलं, आणि तेसुद्धा ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या जमान्यात. पुढे ज्यांना पद्मश्री मिळाली आणि ज्यांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं, त्यांच्या काळात गोव्यात दुसरा गोलकीपर असणं म्हणजे जवळून सामना बघण्याची सोय. "निवृत्तीचा मला काही त्रास झाला नाही," ते म्हणाले. "बसायची सवय होतीच."

ज्या दुःखासाठी आलो होतो, ते एकदा आलं, नाही असं नाही. शेवटच्या संध्याकाळी सेंटर हाफ मैदानाकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून बोलत होते. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला धेंपो, दोनदा झालेला साळगावकर आणि सोबत स्पोर्टिंग, गोव्याच्या या तिन्ही क्लबांनी 2016 मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. आयएसएल या दुसऱ्या लीगला तिच्या वरचा दर्जा द्यायचा बेत होता, त्याच्या निषेधार्थ. क्लबांचं बरोबर असेल, ते म्हणाले, पण माझ्या हाताखालची पोरं पंचवीस-सव्वीसची होती. त्यांना बँकेचा कोटा कुठला, आमच्यासारखी नोकरी कुठली? करार होता, क्लब गेला, करार संपला. "मला चार वाजता काय करू कळत नव्हतं. त्यांना सकाळपासूनच."

ते पुढे बरंच बोलले, त्या मुलांतला कोण बोटीवर गेला, कोण कुठल्या हॉटेलात दारावर उभा राहतो. कुणाचं नाव न घेता, जमिनीकडे बघत. मध्येच धेंपो 2024 मध्ये खालच्या लीगमधून आय-लीगला परत आला, हेही सांगितलं, पण त्याने आवाज काही वर आला नाही. आम्ही कुणी हललो नाही. मग साउंडवालीने हेडफोन काढला. वर पत्रा, पत्र्यावर आषाढ. तिच्या यंत्रात एक शब्द उमटला नव्हता.

"अंकल, परत सांगाल?" डायरेक्टर काकुळतीला आला. त्यांनी सांगितलं. पण आता आपलं बोलणं महत्त्वाचं आहे, हे त्यांना कळलं होतं. केस सारखे केले, खाकरले, "प्रिय प्रेक्षकहो" म्हणाले आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांचे आभार मानले.

माहितीपटात ते आभार आहेत, गुडघ्याचा आवाज आहे, आणि मैदानावर सेंटर हाफ पावसात एका दहा वर्षांच्या पोराला तू कुठे उभा राहायला हवा होतास हे दाखवतायत, त्याची चांगली चार मिनिटं आहेत. परीक्षकांनी शेरा लिहिला, "विषयाची वेदना पोचत नाही." डायरेक्टर दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी मिसळ खाताना दिसला.

सेंटर हाफना लिंक पाठवली होती. त्यांचा लगेच फोन आला, माझ्यावरच, कारण जबाबदार प्रौढ मी. ऑफसाइड का कापला? चाळीस मिनिटं पुराव्यासह सांगितलं होतं, एक सेकंद नाही? वीस मिनिटांच्या मर्यादेचं मी समजावलं. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअॅपवर तोच सामना आवाजी संदेशांतून येऊ लागला, तुकड्यातुकड्याने, रोज चार वाजायच्या आधी. अकराव्या तुकड्यापर्यंत मध्यंतर झालंय. मी ते साउंडवालीला पुढे पाठवतो. ती म्हणते, आपण काढलेल्या आवाजापेक्षा हा कितीतरी साफ आहे, आणि त्यांना विचारा, बॅक पास कुणी दिला होता?