पनवेलकर पाण्याखाली

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो, त्यामुळे मालवणला स्कूबा शिकायला निघालेल्या ग्रुपचं प्रशिक्षणही इथूनच सुरू होतं. पनवेल-इंदापूर रुंदीकरणाचं काम २०११ साली निघालं; तेव्हापासून संयम, तोल आणि धुळीत श्वास घेणं हे विषय गाडीतच पक्के होतात.

बोटीवर उरलेला धडा मिळतो : तोंडाने श्वास घ्या आणि तो कोंडू नका. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते. यावर ग्रुपचा एकमेव प्रश्न, “व्हिडिओ मिळणार ना?”

खाली कॅमेरा दिसताच सगळे उत्साहाने अंगठा दाखवतात. डायव्हरच्या खाणाखुणांत त्याचा अर्थ ‘वर चला’. प्रशिक्षक बिचारा सवयीने समजून घेतो. मग माशांना बिस्किटं चारायची आणि प्रवाळाला लोकलच्या कडीसारखं धरून फोटो काढायचा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे. पण हे माशांनी वाचायचं असावं.

टाकी प्रशिक्षकाने धरलेली, दिशा त्याने दिलेली. तरी परतताना सगळे ‘स्कूबा डायव्हर’ होतात. खरंच शिकायचं असेल तर काही दिवस काढून पूर्ण कोर्स करा. तेवढी सवड नसेल, तर निदान हात स्वतःजवळ ठेवा.