पाइन लई पितं

मराठी पाहुणा नव्या कपाटाचं कौतुक बोटांच्या पेरांनी करतो. दोनदा टकटक वाजवायचं, मान जराशी तिरकी करून आवाज ऐकायचा आणि विचारायचं, "सागवानी?" या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं काहीही उत्तर दिलं, की त्याच्या चेहऱ्यावर आजारी माणसाला भेटायला आल्याचा भाव येतो. आजोबांचा पलंग सागवानी, वाड्याची तुळई सागवानी, देव्हाराही सागवानीच. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं, तेही चंद्रपूर-बल्लारपूरकडचं सागवान. अशा प्रांतात पाइननं पाऊल टाकावं, म्हणजे धाडसच म्हणायचं.

पण पाइनला परमुलखाची सवय आहे. टिंबर मार्केटात जे 'न्यूझीलंड पाइन' म्हणून मिळतं, ते मुळात न्यूझीलंडचंही नव्हे. झाड कॅलिफोर्नियाच्या मॉन्टरे किनाऱ्याकडचं. तिथं ते मोजक्या पट्ट्यांत कसंबसं उभं असतं. न्यूझीलंडला नेल्यावर मात्र असं फोफावलं, की तिथल्या लागवडीच्या जंगलात आज सुमारे नव्वद टक्के झाडं याचीच आहेत. पंचवीस-तीस वर्षांत ते तोडणीला येतं. आपल्या सागाला तेवढ्यासाठी पन्नास ते ऐंशी वर्षं लागतात, म्हणजे लावणारा एक आणि तोडणारा त्याचा नातू. पाइनचे ओंडके जहाजातून कांडल्याला उतरतात, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरले जातात आणि पुण्याच्या भवानी पेठेत येऊन उभे राहतात. काही पाइन तर तिकीटही काढत नाही. परदेशी यंत्राभोवतीची पेटी किंवा खालचं पॅलेट होऊन ते चाकण-भोसरीत पोचतं. त्याच्या अंगावर 'एचटी' असा शिक्का असतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश सेल्सियस उष्णता सलग अर्धा तास पोचवून आतले किडे मारले आहेत, असा त्याचा अर्थ.

पाइन आपण घेतो ते स्वस्त, हलकं आणि रंधा मारायला सोपं म्हणून. पट्टी घरी आली, की तिचा पांढुरका रंग पाहून जीव कासावीस होतो, आणि पॉलिशवाल्या मिस्त्रींना पहिलं वाक्य ऐकवलं जातं: "याला टीक शेड द्या हं." जरा हौशी गिऱ्हाईक असेल तर वॉलनट. मिस्त्री अनुभवी असतील तर लगेच 'हो' म्हणत नाहीत. पट्टीवरून हात फिरवतात, गाठी न्याहाळतात आणि म्हणतात, "देऊ की. पण साहेब, पाइन लई पितं. आन सगळीकडं सारखं पीत न्हाई."

या दोन वाक्यांत सगळं लाकूडशास्त्र आलं. झाडाच्या प्रत्येक वलयात दोन भाग असतात. हंगामाच्या सुरुवातीला झाड भराभर वाढतं. ते लाकूड मऊ, सच्छिद्र आणि फिकं. हंगाम सरत आला की वाढ मंदावते. ते लाकूड घट्ट आणि गडद. कोऱ्या पाइनवर ज्या तपकिरी रेघा दिसतात त्या या घट्ट लाकडाच्या. स्टेन लावला की मऊ भाग घटाघटा पितो आणि काळवंडतो. घट्ट भाग ओठ ओले करतो नि थांबतो. परिणाम असा, की फिकं होतं ते गडद झालं, गडद होतं ते फिकं राहिलं आणि लाकडाची नक्षी उलटी झाली. शिवाय कुठं राळेचा कप्पा असतो, तिथं रंग शिरतच नाही. कुठं तंतू वळून आलेले असतात, तिथं त्यांची तोंडं पृष्ठभागावर उघडी पडतात आणि रंग खोलवर उतरतो. तिथं डाग पडतात. सुताराचं फेविकॉलचं बोट कुठं पुसलं गेलं होतं, तेही आता कळतं, कारण तेवढाच बोटाएवढा भाग गोरा राहतो. स्टेन काही झाकत नाही. पट्टीचा पूर्वेतिहास चारचौघांत वाचून दाखवतो.

यावर गिऱ्हाइकाला सुचणारा उपाय एकच असतो: आणखी एक हात मारा. फिकं आहे तिथं जरा जास्त लावा. पण जास्त लावलेलं शेजारचा तहानलेला भाग पितो. तो अधिक काळा होतो, आणि फरक होता त्याहून वाढतो. समानता आणण्याचे पुष्कळ प्रयत्न याच चालीनं जातात.

खरा उपाय रंग लावण्याच्या आधीचा आहे, आणि तो चपड्याचा आहे. स्पिरिटात चपडा लाख विरघळवायची. पॉलिशला लागते त्याहून कितीतरी पातळ, लिटरभर स्पिरिटाला शंभरेक ग्रॅम. तिचा एक हात कोऱ्या लाकडावर द्यायचा, वाळला की झिजलेल्या काचपेपरनं हलकेच घासायचं आणि मगच स्टेन. लग्नाला नेण्याआधी पोरांना घरी वरणभात चारून न्यायची आपल्याकडे पद्धत होती, म्हणजे मांडवात ती जिलबीवर तुटून पडत नसत. चपड्याचा पहिला हात हा तो वरणभात. तहान आधी बिनरंगी गोष्टीवर भागते आणि रंग येतो तेव्हा मऊ लाकूडही माणसात असल्यागत वागतं. स्टेन थोडा वेळ राहू द्यायचा आणि उरलेला स्वच्छ फडक्यानं पुसून काढायचा. पुसणं हे लावण्याइतकंच काम आहे, पण ते पैसे वाया घालवल्यासारखं दिसतं, म्हणून गिऱ्हाईक उभं असलं की मिस्त्री ते घाईत उरकतात.

काचपेपरचंही एक तंत्र आहे. एकशेवीस, मग दीडशे, मग एकशेऐंशी नंबर, आणि तेही तंतूंच्या दिशेनंच. आडवा मारलेला एक ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही. स्टेनखाली तो असा उमटतो, की घरातलं लहान मूल विनाकारण बोलणी खातं. पट्टीची कापलेली टोकं आणखी बारीक पेपरनं घासायची, कारण तिथं सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ती सर्वांत जास्त पितात. ज्यांना एवढी खटपट नको त्यांच्यासाठी दाट, जेलसारखा स्टेन मिळतो. तो आत शिरण्यापेक्षा वरवर राहणं पसंत करतो. काही जण लॅकरमध्येच रंग कालवून कॉम्प्रेसरनं फवारतात, म्हणजे लाकडाला विचारायचंच नाही. आणि काहीही करा, आधी फळीच्या खालच्या अंगाला लावून पाहा. डब्यावरचं चित्र कुणाच्या तरी लाकडावर काढलेलं असतं, आपल्या नव्हे.

या सगळ्या सामानाची कुळकथा मोठी गमतीची आहे. पाइनमध्ये राळ असते म्हणून रंग नीट बसत नाही. आणि तेलाचा रंग पातळ करायला जे टर्पेंटाइन वापरतात, ते परंपरेनं पाइनच्याच राळेतून निघतं. हिमालयात चीड पाइनच्या खोडाला खाचा पाडून ती गोळा करतात, कुमाऊंत तिला लीसा म्हणतात. चपडा मात्र झाडाचा नव्हे, किड्याचा. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बसून रस शोषतो आणि अंगाभोवती हे कवच करतो. झारखंड त्याचं मोठं ठाणं; रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडच्या पळसांवरही लाख धरते. बालगंधर्वांचं गाणं ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर घरोघर गेलं, त्या तबकड्यांतही हीच लाख होती. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, अशी ग्वाही आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. एकसारखेपणात अख्ख्या अरण्यात ज्याचा हात धरणारं कुणी नाही, त्याच झाडाच्या आश्रयानं निघालेली वस्तू पाइनला एकसारखं करायला यावी, हे योग्यच झालं.

पाइनला दुसऱ्याचे कपडे घालण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये गरिबाघरच्या पाइनच्या कपाटांवर रंगाचा थर देऊन, त्यात कंगव्यासारख्या हत्यारानं रेघा ओढून ओकची किंवा महोगनीची नक्षी काढत. १९६०-७०च्या सुमारास त्यांच्या नातवंडा-पतवंडांना उपरती झाली. त्यांनी तीच कपाटं कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून सगळा रंग उतरवला आणि उघड्या पाइनला जास्त किंमत दिली. ज्यांच्या दारातच पाइन उगवतं, ते स्कँडिनेव्हियातले लोक तर जमिनीच्या फळ्यांना नुसतं साबणाचं पाणी देतात आणि पांढुरकेपणाच जपतात. घरचं असलं, की त्याला दुसरं कुणी व्हायला सांगावंसं वाटत नाही. आपणही सागवानाला कधी 'पाइन शेड' मागितलेली नाही.

शिवाय आपण स्वस्थ बसलो तरी ऊन स्वस्थ बसत नाही. कोरं पाइन उजेडात हळूहळू पिवळं आणि पुढं मधाच्या रंगाचं होतं. जिथं फ्लॉवरपॉट वर्षभर होता, तिथं पांढरा गोल राहतो. क्रोशाचा रुमाल अंथरला असेल तर त्याच्या कडेची झालरही उमटते. गाठींमधली राळ एखाद्या मे महिन्यात जागी होते आणि रंगातून बाहेर डोकावते. म्हणून जाणते मिस्त्री गाठींना आधी चपड्याचे दोन हात वेगळे देतात. ते म्हणतात, "गाठीला दाबून ठेवलं तर बरं, नायतर ती बोलती."

आणि अगदी काटेकोर एकसारखेपणा हवाच असेल, तर त्याची सोय कधीच झाली आहे. सनमायका. कागदाचे थर राळेत भिजवून, दाबून केलेला पत्रा. रंगात तसूभर फरक नाही. डाग नाही, तहान नाही, उन्हाळ्यात बोलणारी गाठ नाही. पण त्या दुकानात जाऊन पाहावं. सपाट, एकरंगी नमुने खालच्या कप्प्यात धूळ खात असतात आणि काउंटरवर मांडलेले असतात ते लाकडाच्या नक्षीचे. गाठी छापलेल्या. मऊ-घट्ट वलयं छापलेली. हाताला खडबडीत लागावं म्हणून वर बारीक खोबणी पाडलेली. जितका नमुना डागाळ तितका तो 'नॅचरल', आणि जितका नॅचरल तितका भाव जास्त. आठ बाय चारचा पत्रा नीट पाहिला, तर वर भेटलेली गाठ खाली पुन्हा भेटते, कारण छापखान्यात गाठी मोजक्याच असतात.

तेव्हा पाइनला रंग द्यायचाच तर तो त्याच्या म्हातारपणाच्या रंगाच्या जवळपासचा, मधाळ द्यावा. वॉलनटचा हट्ट धरू नये. चपड्याचा पातळ हात चुकवू नये, पुसायला आळस करू नये. एवढं करून जे एकोणीस-वीस राहील, त्याला बेलाशक नक्षी म्हणावं. छापील गाठींना लोक चौरस फुटाच्या भावानं पैसे मोजतात आणि आपल्याला खऱ्या गाठी लाकडाबरोबर फुकट आल्या आहेत. निदान हा हिशेब तरी मराठी माणसाला पटायला हरकत नसावी.